जुनं डोमेन नव्या वेबसाइटला जोडायचंय? सोलापूरच्या दुकानदारासाठी खर्चाचा सगळा हिशेब

बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात तयार होणाऱ्या एकपानी वेबसाइट गुगलने २०२४ च्या मार्चमध्ये बंद केल्या. जूनपर्यंत त्या पत्त्यावर आलेलं गिऱ्हाईक प्रोफाइलकडे वळत होतं, नंतर तेही थांबलं. आपल्याकडे किती दुकानांच्या कार्डांवर आणि पिशव्यांवर तो फुकटचा पत्ता छापलेला होता, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. चाटी गल्लीतले एक काका असंच कार्ड घेऊन माझ्याकडे आले. टॉवेल आणि चादरींचा होलसेल व्यापार. बोलता बोलता निघालं की त्यांच्या नावाचं डॉट कॉम डोमेन घरात आठ वर्षांपासून आहे. मुलाने कधीतरी घेऊन ठेवलेलं, पैसे दरवर्षी भरले जात होते आणि त्यावर फक्त एक ईमेल चालू होता.

काकांच्या हातात नव्या वेबसाइटचं कोटेशन होतं. त्यात 'डोमेन मॅपिंग' (डोमेन वेबसाइटला जोडणं), 'डीएनएस सेटअप' (डोमेनची दिशा सांगणाऱ्या नोंदी भरणं) आणि 'एसएसएल' (साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) अशा तीन ओळी होत्या, प्रत्येकीपुढे रक्कम आणि खाली 'दरवर्षी' असा शेरा. त्यांनी विचारलं, "डोमेन तर आपलंच आहे. मग ते वेबसाइटला लावायला परत पैसे कशाचे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नोंदणी चालू असलेलं डोमेन दुसरीकडच्या वेबसाइटकडे वळवायला डोमेनची कंपनी काहीही घेत नाही. खर्च येतो तो तीन वेगळ्या ठिकाणी, आणि ती तीन ठिकाणं एकमेकांत मिसळली की दुकानदार फसतो. म्हणून आधी ती वेगळी करू.

पाटी, गाळा आणि टपालपेटी

डोमेन म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी. ती तुमची, पण तिची नोंद दरवर्षी नवी करावी लागते. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. वेबसाइटची पानं, फोटो, यादी हे सगळं तिथे राहतं. तिसरी टपालपेटी, म्हणजे त्या नावावर चालणारा ईमेल. नवी पेठेतला गाळा सोडून जुळे सोलापुरात दुकान थाटलं तर पाटी काढून तिकडे लावता. पाटीवर नवा कर बसत नाही, भाडं मात्र नव्या मालकाला द्यावं लागतं. डोमेनचंही तसंच आहे.

फरक एवढाच की इथे पाटी, गाळा आणि टपालपेटी एकाच कंपनीकडून घेता येतात, आणि बहुतेक कंपन्यांना तुम्ही तसंच करावं असं वाटतं. एकत्र घेतलं की बिल एकच येतं, आणि कुठल्या गोष्टीचे किती पैसे जातात ते दिसेनासं होतं. माझं मत स्पष्ट आहे: तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असली तरी चालतील, पण तिन्हींचं लॉगिन तुमच्याच हातात हवं.

पहिलं काम: डोमेन खरंच तुमचं आहे का ते पाहा

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. मी यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण मोठा पैसा इथेच बुडतो.

डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलेलं असतं तिला रजिस्ट्रार म्हणतात. तो कोण, हे जुन्या बिलावरून किंवा रिन्यूअलच्या ईमेलवरून कळेल. दोन्ही सापडत नसेल तर जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर आपलं डोमेन टाका. रजिस्ट्रारचं नाव, नोंदणीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख फुकटात दिसते. डॉट इन नावांची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंदवही, निक्सी ही भारतीय संस्था चालवते, तिच्याही पानावर अशीच माहिती मिळते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यामुळे खरी परीक्षा लॉगिनचीच. रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन 'पासवर्ड विसरलो' दाबा. बदलाची लिंक तुमच्या ईमेलवर आली तर डोमेन तुमच्या ताब्यात आहे. ती दुसऱ्याच कुणाच्या ईमेलवर गेली, तर पाटीवर नाव तुमचं असूनही कागद त्याच्याकडे आहेत असं समजा.

हे मी आमच्या घरच्या अनुभवावरून सांगतोय. आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा छोटा कारखाना. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. त्याच्या मनात खोट नव्हती, त्या काळी सगळे तसंच करायचे. पुढे त्याने गाव सोडलं, तो ईमेल बंद झाला आणि मुदत संपत आल्याची एकही सूचना आम्हाला मिळाली नाही. डोमेन बंद पडलं ते नेमकं मे महिन्यात, शाळांच्या ऑर्डरी येण्याच्या दिवसांत. साइट उघडेना, आलेले ईमेल परत जाऊ लागले. माणूस शोधून खातं उघडेपर्यंत डोमेन दंडाच्या मुदतीत गेलं होतं. ते सोडवायला पाच-सहा वर्षांच्या रिन्यूअलएवढे पैसे लागले, आणि त्या आठवड्यांत किती चौकशा हुकल्या याचा हिशेब तर लागूच शकत नाही.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल तर आधी त्या माणसाशी गोडीने बोला. बहुतेक रजिस्ट्रारांकडे एका खात्यातलं डोमेन त्याच कंपनीच्या दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय असते, आणि ती साधारणपणे फुकट असते. तुमचं खातं उघडा, खात्याचा ईमेल त्याला द्या, त्याच्याकडून डोमेन तिकडे पाठवून घ्या. एक काळजी घ्या. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, साधा जीमेल ठेवा. डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि मग ओटीपी घ्यायलाही जागा उरत नाही.

माणूस सापडतच नसेल तर जुनं बिल, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा, पॅन आणि जीएसटी प्रमाणपत्र घेऊन रजिस्ट्रारच्या मदत विभागाला लिहा. कोणी मुद्दाम अडवून ठेवलं आणि नाव तुमच्या ट्रेडमार्कचं असेल, तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी हे तक्रारीचे मार्ग आहेत. पण यूडीआरपीची तक्रार वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर चालवायची झाली तर नुसती फी १,५०० डॉलर पडते, वकील वेगळा. गोडीने मिटवणं स्वस्त पडतं ते यामुळे.

दुसरं काम: रिन्यूअलचा खरा दर काढा

'डोमेन फक्त ९९ रुपयांत' ही जाहिरात सगळ्यांनी पाहिली असेल. ती पहिल्या वर्षाची असते. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी चालवते, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती प्रत्येक डॉट कॉममागे रजिस्ट्रारकडूनच वर्षाला १०.२६ डॉलर घेते. म्हणजे आपल्या रुपयांत नऊशेच्या आसपास नुसता घाऊक भाव झाला. त्याखाली कोणी विकत असेल तर पहिल्या वर्षी तो स्वतः तोटा सोसतोय आणि पुढच्या वर्षांत वसूल करणार आहे. म्हणून आपल्याकडच्या डोमेनचा हिशेब करताना नेहमी रिन्यूअलचा दर पाहा, तोही १८ टक्के जीएसटी धरून. डॉट इन सहसा डॉट कॉमपेक्षा स्वस्त पडतं.

तुमच्या रजिस्ट्रारचा रिन्यूअल दर फारच जास्त वाटला तर मुदत संपायच्या दोन महिने आधी दुसरीकडे हलवण्याचा विचार करता येतो. दर बरा असेल तर दोन-तीन वर्षांचे एकदम भरून टाका. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत नोंदणी ठेवता येते. मी स्वतः तीन वर्षांचं भरतो. त्यापेक्षा लांब भरलं की लॉगिन कुठे ठेवलं तेच विसरायला होतं.

मुदत चुकली तर काय होतं तेही माहीत असू द्या. डॉट कॉमला मुदतीनंतर काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करायची संधी सहसा मिळते, पण किती दिवस ते रजिस्ट्रार ठरवतो. त्यानंतर ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत असते. त्या काळात डोमेन परत मिळतं, पण मोठा दंड भरून. मग पाच दिवस ते पूर्ण अडकून राहतं आणि त्यानंतर कोणालाही घेता येतं. चांगल्या नावांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात, त्यामुळे त्या पाच दिवसांनंतरचा भरवसा धरू नका.

तिसरं काम: जोडायचं की हलवायचं, हे ठरवा

नव्या वेबसाइटच्या पॅनेलमध्ये तुमचं डोमेन टाकलं की दोन बटणं समोर येतात. एक 'कनेक्ट', दुसरं 'ट्रान्सफर'. कनेक्ट म्हणजे डोमेन आहे त्याच रजिस्ट्रारकडे ठेवून फक्त त्याची दिशा बदलणं. ट्रान्सफर म्हणजे नोंदणीच नव्या कंपनीकडे नेणं.

कनेक्ट करायला डोमेनच्या बाजूने खर्च शून्य. ट्रान्सफरला एका वर्षाच्या रिन्यूअलएवढे पैसे लागतात. डॉट कॉमला ते वर्ष तुमच्या शिल्लक मुदतीत जमा होतं, म्हणजे पैसे वाया जात नाहीत, पण आज भरावे लागतात. शिवाय डोमेन नव्याने घेतल्यापासून किंवा आधी हलवल्यापासून ६० दिवसांच्या आत डॉट कॉम हलवता येत नाही. हलवायचं म्हटलं की रजिस्ट्रारने डोमेनला लावलेलं कुलूप उघडणं, जुन्या कंपनीकडून कोड घेणं आणि पाच-सात दिवस वाट पाहणं आलंच.

वेबसाइट बदलायची म्हणून डोमेन हलवू नका, असाच सल्ला मी देतो. उद्या त्या वेबसाइटच्या कंपनीने भाडं वाढवलं आणि पाटीही तिच्याच ताब्यात असली, तर निघताना दुप्पट त्रास होतो. 'वार्षिक प्लॅनवर डोमेन एक वर्ष मोफत' ही सवलतही नीट पाहा. तुमच्याकडे डोमेन आहेच. त्या सवलतीपोटी दुसरं नाव घेतलं, तर पुढच्या वर्षी त्याचंही रिन्यूअल तुमच्याच माथी येईल.

चौथं काम: जोडायला कोण किती मागतो

आपलं डोमेन फुकट जोडू देणाऱ्यांत ब्लॉगर आणि गुगल साइट्स या गुगलच्या दोन सेवा येतात. तांत्रिक माणूस हाताशी असेल तर गिटहब पेजेस आणि क्लाउडफ्लेअर पेजेसही. ब्लॉगरवर डोमेन लावलं की कुलपाचं चिन्ह दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्रही फुकट मिळतं. नुसती मालाची यादी, फोटो, पत्ता, नकाशा आणि व्हॉट्सअॅपचं बटण एवढंच हवं असेल, तर सोलापुरातल्या निम्म्याहून जास्त दुकानांचं काम यात भागेल असं मला मनापासून वाटतं. दिसायला साधं असतं, पण गिऱ्हाइकाला भाव आणि फोन नंबर हवा असतो, तो तिथे मिळतो.

वर्डप्रेस डॉट कॉम आणि विक्स या वेबसाइट बनवायच्या सेवांच्या फुकट प्लॅनवर स्वतःचं डोमेन लावता येत नाही. त्यासाठी पैशांचा प्लॅन घ्यावाच लागतो, मात्र तो घेतला की जोडण्याचे वेगळे पैसे नसतात. इथे एक घोळ होतो. पूर्वी वर्डप्रेस डॉट कॉमवर 'डोमेन मॅपिंग' ही वेगळी वार्षिक वस्तू होती, वर्षाला १३ डॉलरची. जुन्या लेखांत अजून तो आकडा सापडतो, आणि काही कोटेशनमध्ये ती ओळ अजून उतरत असते. काकांच्या कोटेशनमधली पहिली ओळ बहुधा अशीच आली होती.

शॉपिफाय या ऑनलाइन दुकान चालवायच्या सेवेवर प्लॅन घेतल्यावर डोमेन जोडायला वेगळं काही पडत नाही, पण तिथला खरा खर्च दुसरीकडे आहे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे इथल्या पेमेंट गेटवेतून, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीतून, पैसे घेतले की गेटवे साधारण दोन टक्के कापतो, त्यावर जीएसटी, आणि बेसिक प्लॅनवर शॉपिफायही प्रत्येक विक्रीवर आणखी दोन टक्के घेतं. महिन्याला ५०,००० रुपयांची विक्री झाली तर गेटवेचे १,००० अधिक १८० जीएसटी आणि शॉपिफायचे १,००० असे २,१८० रुपये प्लॅनच्या भाड्याशिवाय जातील. चादरीसारख्या बारीक नफ्याच्या मालाला हे जड पडतं. शेंगा चटणीच्या पाकिटांचंही तेच. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर आणि पैसे यूपीआयवर चालत असतील, तर ऑनलाइन दुकानाची घाई करू नका.

स्वतःचं होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस हे फुकट सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर डोमेन जोडणं फुकटच असतं. मात्र अपडेट, बॅकअप आणि सुरक्षेची जबाबदारी तुमच्यावर येते, ती कोण सांभाळणार ते आधी ठरवा. एसएसएलचे वेगळे पैसे इथेही देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं फुकट असतात आणि बहुतेक होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती एका बटणावर लागतात.

पाचवं काम: ईमेलला धक्का लागू देऊ नका

डोमेनवर आधीच ईमेल चालू असेल तर इथे थांबा आणि सावकाश वाचा.

डोमेनची दिशा दोन प्रकारे बदलता येते. एक म्हणजे नेमसर्व्हरच, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे संगणकच बदलायचे आणि सगळा कारभार नव्या कंपनीकडे सोपवायचा. दुसरा मार्ग म्हणजे नेमसर्व्हर आहेत तेच ठेवून वेबसाइटच्या दोन-चार नोंदी तेवढ्या बदलायच्या. नव्या कंपन्या बहुधा पहिला मार्ग सुचवतात, कारण तो त्यांना सोपा जातो. पण ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्या नेमसर्व्हरवर असतात. त्या नव्या जागी उतरवून घेतल्या नाहीत, तर नेमसर्व्हर बदलताच ईमेल येणं थांबतं. साइट सुंदर उघडते म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. चार दिवसांनी एखादा निर्यातदार फोन करून विचारतो, "तुम्हाला पाठवलेला मेल परत का येतोय?"

म्हणून ईमेल चालू असेल तर दुसराच मार्ग धरा. कोणतीही नोंद बदलण्याआधी रजिस्ट्रारच्या डीएनएस पानाचा संपूर्ण फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या. एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी वहीत लिहून ठेवा. टीएक्सटी म्हणजे मजकुराच्या नोंदी. त्यातली एसपीएफची नोंद विशेष जपा, तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते ती सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) असणं गुगलने बंधनकारक केलं आहे. ती पुसली गेली तर तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील किंवा पोचणारच नाहीत.

डोमेनवर ईमेल नसेल आणि हवा असेल, तर झोहो या भारतीय कंपनीचा छोट्या धंद्यासाठीचा फुकट प्लॅन आधी पाहा. एका डोमेनवर पाच जणांपर्यंत चालतो, पण मेल ब्राउझरमधून किंवा त्यांच्या अॅपमधून पाहावा लागतो. त्याहून जास्त लागलं तर दर माणसामागे महिन्याचे पैसे मोजावे लागतात, आणि हा आकडा वेबसाइटच्या भाड्याएवढा कधी होतो ते कळतही नाही.

सहावं काम: प्रत्यक्ष जोडणी, ब्लॉगरचं उदाहरण धरून

दुकान बंद झाल्यावर, रात्री निवांत बसून करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'पब्लिशिंग' या भागात 'कस्टम डोमेन' आहे. तिथे तुमचं डोमेन पुढे तीन डब्ल्यू लावून लिहा आणि सेव्ह करा. लाल अक्षरांत चूक दाखवली जाईल, घाबरू नका, ती यायलाच हवी. त्या सूचनेत सीनेम प्रकारच्या, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या, दोन नोंदी दिलेल्या असतात. पहिलीत डावीकडे तीन डब्ल्यू आणि उजवीकडे जीएचएस डॉट गुगल डॉट कॉम असं असतं. दुसरी फक्त तुमच्यासाठी तयार झालेली, अक्षरं-आकड्यांची लांब ओळ असते. डोमेन तुमचंच आहे याची गुगलला खात्री तिच्यावरून पटते.

दुसऱ्या खिडकीत रजिस्ट्रारचं डीएनएस पान उघडा आणि दोन्ही नोंदी तिथे टाका. सर्वात जास्त चूक होते ती डावीकडच्या रकान्यात. तिथे फक्त तीन डब्ल्यू लिहायचे, पूर्ण डोमेन लिहायचं नाही, कारण बाकीचं नाव पॅनेल स्वतः जोडतं. पूर्ण लिहिलं तर नाव दोनदा येतं आणि काहीच चालत नाही. तीन डब्ल्यूची जुनी नोंद तिथे असेल तर ती काढा, एका नावाला दोन दिशा चालत नाहीत. यानंतर, तीन डब्ल्यू टाइप न करताच साइटवर येणाऱ्या लोकांसाठी गुगलच्या मदत पानावर दिलेले चार आयपी पत्ते (संगणकांचे आकड्यांतले पत्ते) 'ए' प्रकारच्या नोंदी म्हणून टाका. साइट नसताना दिसणाऱ्या 'पार्किंग' पानासाठी रजिस्ट्रारने ठेवलेली जुनी 'ए' नोंद आधी पुसा. एमएक्सला हात लावू नका.

मग ब्लॉगरवर परत या आणि सेव्ह करा. लगेच झालं नाही तर तासाभराने पुन्हा बघा. नोंदी जगभर पसरायला काही मिनिटं ते दोन दिवस लागू शकतात. झालं की 'रिडायरेक्ट डोमेन' आणि 'एचटीटीपीएस' ही दोन बटणं चालू करा. जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर येणारे लोक आपोआप नव्या नावावर जातात, त्यामुळे आधी वाटलेली लिंक फुकट जात नाही.

दुसऱ्या कोणत्याही कंपनीकडे जोडणी करायची असली तरी क्रम हाच राहतो. आधी त्यांच्याकडे नाव नोंदवा, ते देतील त्या नोंदी आपल्या रजिस्ट्रारकडे टाका, परत येऊन तपासा.

पैसे भरताना

परदेशी कंपनीला कार्डाने पैसे देताना बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के चलनबदलाचा आकार लावते. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतो, तो आधी बँकेच्या अॅपमधून चालू करावा लागतो. आणि आपोआप होणाऱ्या रिन्यूअलवर पूर्ण भरवसा ठेवू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत: आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला आधी ई-मँडेट, म्हणजे तुमची आगाऊ ऑनलाइन संमती लागते आणि पैसे कापण्याआधी निदान २४ तास सूचना यावी लागते. परदेशी साइटकडून हे जमलं नाही की व्यवहार अडतो आणि डोमेन मुदतीबाहेर जातं.

जीएसटी नोंदणी असेल तर बिल करतानाच जीएसटीआयएन टाका. मागाहून बिल बदलून मिळणं कठीण जातं, आणि धंद्यासाठी घेतलेल्या या सेवेवरचा कर तुम्हाला वजावटीत मिळू शकतो. तुमच्या कर सल्लागाराला ते बिल नक्की द्या.

दोन हिशेब मांडून पाहू

पुढचे मूळ दर समजण्यासाठी धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या बिलावरचे आकडे टाका.

घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या ताई. डॉट इन डोमेनचं रिन्यूअल समजा ८०० रुपये, जीएसटी १४४. साइट ब्लॉगरवर, म्हणजे शून्य. जोडणी शून्य, एसएसएल शून्य, ईमेल फुकट प्लॅनवर शून्य. वर्षाचे ९४४ रुपये. महिन्याला ऐंशीही नाहीत.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. डॉट कॉम १,३०० रुपये. वेबसाइटचा प्लॅन महिना ३०० प्रमाणे ३,६००. दोन माणसांचा ईमेल प्रत्येकी महिना १०० प्रमाणे २,४००. एकूण ७,३००, त्यावर जीएसटी १,३१४, म्हणजे हातातून जाणार ८,६१४ रुपये. कर वजावटीत मिळाला तर खरा भार ७,३०० चा. इथेही डोमेन जोडण्याची ओळ शून्यच आहे.

कोटेशन हातात आलं की त्यात मॅपिंग, डीएनएस, एसएसएल या ओळी शोधा आणि त्या दरवर्षी का, असं विचारा. जोडून देणाऱ्याच्या अर्ध्या तासाचे पैसे एकदा जरूर द्या, त्याचं ज्ञान आणि वेळ आहे. पण एकदा झालेल्या कामाचं भाडं दरवर्षी देण्याचं कारण नाही.

सोलापूरची एक खास अडचण

आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे लिहिलं जातं. आजचं 'एस'ने सुरू होणारं आणि ब्रिटिशांच्या काळातलं, 'एसएच' लावून लिहिलेलं. परदेशातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या कागदांत दुसरं अजून दिसतं. धंद्याच्या नावात गावाचं नाव असेल आणि तुम्ही निर्यात करत असाल, तर दोन्ही स्पेलिंगची डोमेन घेऊन एक दुसऱ्याकडे वळवून ठेवणं योग्य आहे. नाव वळवण्याची सोय बहुतेक रजिस्ट्रार फुकट देतात, म्हणजे खर्च फक्त दुसऱ्या रिन्यूअलचा. गिऱ्हाईक गावातलंच असेल तर ते पैसे वाचवा.

२०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं. मराठीत पाटी पाहून मला आनंद होतो, पण मुख्य पत्ता म्हणून ते आज घेऊ नका. अनेक फॉर्म आणि ईमेल सेवा ते अजून नीट ओळखत नाहीत. वळवणीसाठी ठेवायला हरकत नाही.

जोडणी झाल्यावर

मोबाइलवर वायफाय बंद करून साइट उघडून पाहा, तीन डब्ल्यू लावून आणि न लावता. बाहेरच्या एखाद्या ईमेलवरून स्वतःच्या डोमेनवर मेल पाठवा आणि तिथून उत्तर द्या. दोन्ही पोचले की काम झालं. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये वेबसाइटच्या जागी नवा पत्ता टाका. इंडियामार्ट, फेसबुक, व्हॉट्सअॅप बिझनेस, जिथे जिथे जुना पत्ता आहे तिथे बदला. व्हिजिटिंग कार्डं मात्र आठवडाभर साइट नीट चालल्यावरच छापायला टाका.

काकांच्या कोटेशनमधल्या तिन्ही ओळी शेवटी खोडल्या गेल्या. त्यांच्या खतावणीच्या पहिल्या पानावर आता रजिस्ट्रारचं नाव, खात्याचा ईमेल आणि मुदतीची तारीख लिहिलेली आहे. त्याच तारखेच्या दोन महिने आधीची एक आठवण काकांच्या फोनमध्ये आहे आणि एक त्यांच्या मुलाच्या.